लीड्समधील आमची चिप्पी: दहा मिनिटांच्या अंतरावरचे दुकान

फिश अँड चिप्स या पदार्थाचे आयुष्य कढईतून बाहेर पडल्यापासून जेमतेम दहा मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात माशावरचे आवरण कुरकुरीत, आतला मासा वाफाळता आणि चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, वरून किंचित कडक व आतून मऊ राहतात; त्यानंतर कागदात कोंडलेली वाफ आपले काम करते आणि सगळेच सादळते. म्हणूनच ब्रिटनमध्ये हा पदार्थ विकणारी दुकाने, ज्यांना उत्तर इंग्लंडमध्ये सगळे चिप्पी म्हणतात, वस्तीच्या पोटात, घरातून चालत जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर असतात. माझ्या मते या पदार्थाची खरी पारख समुद्रकिनाऱ्यावरच्या नामांकित उपाहारगृहात होत नाही, ती गल्लीच्या टोकाच्या दुकानातच होते. लीड्सच्या कर्कस्टॉल भागात आमचे बिऱ्हाड होते तेव्हा ज्या चिप्पीत आम्ही वर्षानुवर्षे गेलो, तिच्याविषयी हे लिहीत आहे. ती चालवणारे दांपत्य आता निवृत्त झाले असल्यामुळे नाव-पत्ता देण्यात अर्थ नाही. परंतु त्या तोडीची दुकाने यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्स ज्यात येते त्या परगण्यात, आजही आहेत, आणि ती कशी ओळखावीत हे या एका दुकानावरून सांगता येते.

लाल विटांच्या, एकमेकींना चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगेतले ते शेवटचे घर होते. आत बसण्याची सोय नव्हती. भिंतींना पांढऱ्या फरशा, समोर स्टीलची लांब रेंज, म्हणजे तीन कढया आणि त्यांच्यावर तळलेले मासे गरम ठेवणारी काचेची पेटी एकत्र असलेले यंत्र, आणि तिलाच जोडून काउंटर. काउंटरवर मिठाचा मोठा डबा, व्हिनेगरची बाटली, लाकडी काट्यांचा खोका आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अंड्यांची बरणी, एवढाच सरंजाम असे. दुपारी साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेचार ते आठ ही वेळ, रविवारी सुट्टी. पती तळत असत आणि पत्नी काउंटर सांभाळून पुडे बांधत असत; गर्दीच्या दिवशी शाळेतून सुटलेली एखादी मुलगी मदतीला येई. दुकानाची सारी यंत्रणा एवढीच होती आणि ती उत्तम चालत असे.

ते गृहस्थ मासा कसा तळत, हे मी रांगेत उभी राहून नेहमी पाहत असे, आणि त्या पाहण्यातूनच चांगल्या-वाईट चिप्पीतला फरक मला कळू लागला. हॅडॉक या पांढऱ्या समुद्री माशाचा कातडी काढलेला लांबट तुकडा शेपटीच्या टोकाला धरून ते प्रथम कोरड्या मैद्यात घोळवत, मग भिजवलेल्या पिठाच्या डब्यातून एकदाच ओढून काढत आणि डब्याच्या कडेवर पुसून जास्तीचे पीठ खाली पाडत. नंतर तो तुकडा ते कढईत लगेच सोडत नसत. टोक दोन बोटांत धरूनच बाकीचा मासा ते चरबीच्या पृष्ठभागावर मागे-पुढे झुलवत, आणि आवरण धरू लागले, मासा स्वतःहून तरंगू लागला, की आपल्यापासून दूरच्या बाजूला अलगद टाकत. असे न केल्यास तुकडा सरळ तळाशी बसतो आणि तेथेच चिकटतो. कढईतला आवाज सुरुवातीला मोठा आणि खळखळता असतो. माशातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत जाते तसतसा तो बारीक होतो. ते घड्याळाकडे बघत नसत, त्या आवाजाकडे कान ठेवून असत. या पदार्थात मासा खऱ्या अर्थाने तळला जातच नाही, तो आवरणाच्या आत स्वतःच्याच वाफेवर शिजतो. म्हणून आवरण पातळ हवे, पण कोठेही फाटलेले नको. आमच्या दुकानातला मासा मोडला की आतले पांढरे, मोठाले पापुद्रे आपसूक सुटे होत आणि त्यांतून वाफ निघे. आवरणाच्या आतल्या बाजूला कच्च्या पिठाचा चिकट थर मला तेथे कधीही आढळला नाही, आणि ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

त्यांचे दुसरे कौशल्य रांगेचा अंदाज घेण्याचे होते. दारातून कोण आत आले, कोण एकट्यासाठी घेते आणि कोण पाच जणांच्या घरासाठी, हे त्यांना ठाऊक असे, आणि त्या हिशेबाने ते मासे कढईत टाकत. त्यामुळे काचेच्या पेटीत क्वचितच तीन-चारांहून अधिक तुकडे साचलेले दिसत. रांग नसेल तर काउंटरवरच्या बाई स्वच्छ सांगत, “माशाला चार मिनिटं लागतील, लव्ह,” आणि आपण उभे राहायचे. नवख्या माणसाला हे थांबणे खटकते. मला मात्र आता उलट वाटते. जेथे मागितल्याबरोबर मासा हातात पडतो आणि बाहेर रांग नसते, तेथे तो मासा किती वेळ त्या पेटीत पडून होता, असा प्रश्न मनात यायला हवा.

चरबीविषयी मराठी वाचकांना आधीच स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. यॉर्कशरमधील बहुतेक पारंपरिक दुकानांत मासे आणि बटाटे दोन्ही बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाई-बैलांच्या शुद्ध केलेल्या चरबीत तळतात. दक्षिण इंग्लंडमध्ये वनस्पती तेलाची दुकाने अधिक आहेत, पण तेथेही गृहीत धरून चालू नये; नुसत्या चिप्स घेतल्या म्हणजे शाकाहार पाळला, असे होत नाही. आमच्या दुकानात ड्रिपिंगच वापरत आणि तसे दारावर लिहिलेलेही असे. माझ्या घरात याबाबत दोन मते होती: मी तेथले खात असे, माझे पती खात नसत आणि वनस्पती तेलात तळणाऱ्या, थोड्या लांबच्या दुकानातून स्वतःपुरते घेऊन येत. त्यामुळे दोन्ही चवी एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची संधी मला अनेकदा मिळाली. ड्रिपिंगमधल्या आवरणाला जो खमंगपणा आणि जो कोरडा कुरकुरीतपणा येतो, तो तेलात तळलेल्याला येत नाही, हे मी निःसंदिग्धपणे सांगू शकते. परंतु ही चरबी साध्या तापमानाला गोठते, त्यामुळे पुडा थंड झाला की टाळूला आणि ओठांना तिचा मेणचट लेप बसतो. दहा मिनिटांचा नियम ड्रिपिंगच्या दुकानांना दुप्पट लागू होतो, तो यामुळे. ज्यांना ही चरबी वर्ज्य आहे, त्यांनी विचारण्यात मुळीच संकोच करू नये. हा प्रश्न त्या लोकांना रोजचा आहे, आणि आमच्या काउंटरवरच्या बाई तर स्वतःहून जवळचे दुसरे दुकान सुचवत असत.

बटाट्याकडे या दुकानात माशाइतकेच लक्ष दिले जाई. इंग्लंडमधील चिप्पीवाल्यांची सर्वांत आवडती जात मॅरिस पायपर ही आहे. केंब्रिजच्या संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात १९६० च्या दशकात बाजारात आली. तिच्यात पिठूळपणा भरपूर असल्याने फोडी आतून भुसभुशीत होतात. मागच्या खोलीत सोलण्याचे यंत्र गडगडत असे, त्यातून निघालेल्या बटाट्यांचे उरलेले डोळे कोणीतरी सुरीने टिपून काढी, आणि मग ते कापणीच्या यंत्रातून बोटाएवढ्या जाड फोडींच्या रूपाने बादलीत पडत. वर्षभर चव एकसारखी राहत नसे, आणि त्याचे कारण आळस नव्हते. थंड कोठारात महिनोन्महिने ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, आणि तळताना तो आत शिजण्याआधीच बाहेरून तांबूस होतो. उलट उन्हाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या नव्या बटाट्यात पाणी फार असते. जुना माल संपून नवा सुरू होण्याचा तो काळ चिप्पीवाल्यांच्या डोकेदुखीचा असतो. आमच्या दुकानात त्या दिवसांत फळ्यावर बटाट्याची जात आणि तो कोणत्या भागातून आला हे खडूने लिहीत, आणि फोडी नेहमीपेक्षा मऊ लागतील असे बाई आपण होऊन सांगत. गिऱ्हाइकाला असे विश्वासात घेणारी दुकाने मी फार थोडी पाहिली आहेत.

पैसे देण्याआधीचे प्रश्न ठरलेले असत: मीठ-व्हिनेगर हवे का, उघडे की बांधून, आणि स्क्रॅप्स हवेत का. स्क्रॅप्स म्हणजे कढईत सुटून तळले गेलेले पिठाचे कण. वडापावच्या गाडीवर जो चुरा आपण मागून घेतो, तोच हा प्रकार, आणि त्याचे वेगळे पैसे तेथेही घेत नसत. व्हिनेगरबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुष्कळ चिप्प्यांमधल्या बाटलीत खरे माल्ट व्हिनेगर नसते, तर अॅसेटिक आम्लात पाणी आणि रंगासाठी कॅरमेल घालून केलेले स्वस्त द्रावण असते, ज्याला कायद्याने व्हिनेगर म्हणून विकता येत नाही. आमच्या दुकानात खरे माल्ट व्हिनेगर असे. गरम फोडींवर ते पडल्यावर जो वास उठतो तो नाकाला झोंबतो, पण त्यात धान्याचा गोडसर गंधही असतो. द्रावणाच्या वासात नुसता झोंबरेपणा असतो.

माशाइतकीच मला तेथली फिशकेक आवडत असे. यॉर्कशरची फिशकेक म्हणजे इतरत्र मिळते तशी मासा आणि कुस्करलेल्या बटाट्याची टिक्की नव्हे. बटाट्याच्या दोन जाड चकत्यांमध्ये माशाचा तुकडा ठेवून, त्याला पिठाचे आवरण देऊन ती तळतात. पूर्ण माशापेक्षा ती बरीच स्वस्त असे, आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात रांगेतली निम्मी माणसे तीच मागत. मऊ पावात घालून ती कागदात धरून खाण्यासारखे थंडीतले दुसरे सुख मला त्या शहरात सापडले नाही.

मशी पीज, म्हणजे शिजवून लगदा केलेले वाटाणे, ही मात्र या दुकानाची दुबळी बाजू होती. मॅरोफॅट जातीचे वाळलेले वाटाणे सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून, मग ते स्वतःच विरघळेपर्यंत मंद आचेवर शिजवायचे असतात. तेथे ते कधी सुरेख दाट असत, तर कधी पाणचट आणि सोड्याच्या चवीचे. करी सॉस पावडरपासून केलेला, गोडूस आणि पिवळाजर्द असे. त्यात आपल्या ओळखीचे काही शोधायला जाऊ नये, पण फोडी बुडवून खायला तो वाईट नव्हता. कार्ड चालत नसे, फक्त रोख, आणि शुक्रवारी संध्याकाळी रांग दाराबाहेर फूटपाथवर जाई. पावसात ती रांग खरोखर त्रासाची होती.

शुक्रवारची ही गर्दी ख्रिस्ती समाजात त्या दिवशी मांस वर्ज्य करून मासे खाण्याची जी जुनी प्रथा आहे तिच्यातून आलेली आहे, आणि गुड फ्रायडे हा तर या धंद्याचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पदार्थाचा इतिहास याहून अधिक मिसळलेला आहे. पिठात घोळवून मासा तळण्याची पद्धत स्पेन आणि पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू लोकांनी लंडनमध्ये आणली. तिची आणि चिप्सची जोडी लावून पहिले दुकान कोणी काढले यावर दोन दावे आहेत: एक लंडनच्या पूर्व भागातील जोसेफ मालिन यांचा, १८६० च्या सुमाराचा, आणि दुसरा लँकशरमधील मॉस्ली गावच्या बाजारात १८६३ च्या सुमारास लाकडी खोपटात विक्री करणाऱ्या जॉन लीस यांचा. वाफेवरच्या ट्रॉलरांनी, म्हणजे जाळे ओढत जाणाऱ्या मासेमारी जहाजांनी, उत्तर समुद्रातून मासे भरभरून आणले, रेल्वेने ते बर्फात घालून एका रात्रीत आतल्या शहरांपर्यंत पोहोचवले, आणि लँकशर-यॉर्कशरच्या गिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या बायकांना घरी येऊन चूल पेटवण्याआधी स्वस्त, गरम आणि पोटभर जेवण मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस सारे काही रेशनवर गेले, तेव्हाही सरकारने फिश अँड चिप्सवर रेशन लावले नाही. गिरण्या आणि चिप्प्या अशा एकाच वस्तीत वाढल्या. कर्कस्टॉलच्या विटांच्या रांगांमध्ये ते आजही दिसते.

नामांकित ठिकाणी मी गेलेच नाही असे नाही. लीड्सजवळच्या गाइझली येथे हॅरी रॅम्सडेन यांनी १९२८ मध्ये लाकडी खोपटात धंदा सुरू केला आणि १९३१ मध्ये झुंबरे आणि गालिचे असलेले भव्य उपाहारगृह उभारले. ती इमारत आता दुसऱ्या कंपनीकडे आहे आणि तेथे आजही हाच पदार्थ मिळतो. व्हिटबी बंदरावरच्या मॅगपाय कॅफेसमोरची रांग प्रसिद्ध आहे आणि तेथला मासा उत्तम आहे. टेबलावर बसून, ब्रेड-लोणी आणि चहाच्या किटलीसह, खिडकीतून मासेमारीच्या होड्या आणि पलीकडचा मठाचा भग्नावशेष पाहत जेवण्याचा आनंद मी नाकारत नाही. तरीही ते प्रवासातले जेवण झाले. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, सुट्टीच्या दिवशी तासाभरापूर्वी तळून ठेवलेल्या फोडी खोक्यात भरून दिल्या गेल्या, कारण समोरचा पर्यटक पुन्हा येणार नाही हे दुकानदाराला माहीत होते. गल्लीतल्या चिप्पीला हे परवडत नाही. तिचे गिऱ्हाईक पुढच्या शुक्रवारी त्याच दारात उभे असते, आणि मासा बिघडला होता हे तोंडावर सांगते.

जुन्या पद्धतीची चव पाहण्यासाठी मात्र मी एका ठिकाणाची शिफारस आवर्जून करीन. डरहम परगण्यातील बीमिश या खुल्या संग्रहालयात कोळशावर चालणारी रेंज असलेले चिप्स-माशांचे दुकान आहे आणि तेथे ड्रिपिंगमध्येच तळतात. रांग लांब असते, पण कोळशाच्या आचेवर चरबीचे तापमान राखणे किती कष्टाचे काम होते, हे तेथे उभे राहिल्यावर समजते.

या दुकानांची आजची स्थिती बिकट आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये सुमारे ३५,००० चिप्प्या होत्या. आज सुमारे साडेदहा हजार उरल्या आहेत. मासेमारीच्या हक्कांवरून आइसलंडशी झालेल्या, कॉड या माशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तथाकथित कॉड युद्धांनंतर, १९७६ च्या समझोत्याने, ब्रिटिश ट्रॉलरांना दूरच्या समुद्रातले हक्काचे क्षेत्र गमवावे लागले आणि हल व ग्रिम्सबी या बंदरांचे कंबरडे मोडले. तेव्हापासून मासा बऱ्याच अंशी बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल दुर्मीळ झाले, रशियन माशावर ब्रिटनने ३५ टक्के जादा आयात कर लावला, वीज आणि गॅसची बिले भडकली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये गरम खाद्यपदार्थांवरचा मूल्यवर्धित कर करोनाकाळातील सवलत संपून पुन्हा २० टक्क्यांवर गेला. पाच-सहा पौंडांत मिळणारा मासा-चिप्सचा पुडा आता दहाच्या आसपास किंवा त्याच्याही वर गेला आहे. गरिबाचे जेवण म्हणून जन्माला आलेल्या पदार्थाला हा दर पेलत नाही, आणि जे कुटुंब दर शुक्रवारी जात असे ते आता महिन्यातून एकदा जाते. घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवर जाऊन तगण्याचा प्रयत्न काही दुकाने करतात, पण बंद खोक्यात वीस मिनिटे फिरून आलेला मासा काय अवस्थेत पोहोचतो ते मी खाऊन पाहिले आहे. आमच्या दांपत्याने ती सेवा कधीच घेतली नाही. दुकानातून नेलेला मासा घरी पोहोचेपर्यंत नरम पडला तर नाव आपले खराब होते, असे ते म्हणत.

यॉर्कशरमध्ये राहायला किंवा फिरायला जाणाऱ्यांनी म्हणून मुक्कामापासून चालत जाता येईल अशीच चिप्पी निवडावी. संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान जावे, कारण तेव्हा कढया पूर्ण तापलेल्या आणि रांग सतत वाहती असते. तळण्यासाठी काय वापरतात ते आधी विचारावे, कॉडऐवजी हॅडॉक मागावा, आणि पेटीत ठेवलेला देऊ लागले तर ताजा तळून मिळेल का असे विचारावे. पहिल्यांदा जाणाऱ्या दोघांनी एक मासा, एक फिशकेक आणि चिप्सचा एकच पुडा घ्यावा. चिप्स दोघांना भरपूर होतात. स्क्रॅप्स मागून घ्यावेत, पुडा बांधून न घेता उघडाच घ्यावा, आणि दुकानाबाहेरच्या पहिल्या बाकावर बसून खायला सुरुवात करावी.